मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातून १९६७ची एमजीबी इंग्लंडला आणायची आहे

ब्रमकर
मंडळी, सॅक्रामेंटोजवळ एक एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार) पाहून ठेवली आहे. टायटलवर (तिकडचा मालकीचा कागद) साल १९६७, स्टिअरिंग डावीकडे. किंमत साधारण १२,००० पौंड पडते. इंग्लंडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा मिळून १,८०० पौंडांचा आकडा मिळाला आहे. गाडी बर्मिंगहॅमला आणायची आहे. पैसे अजून दिलेले नाहीत.

एका एजंटाने १० टक्के ड्यूटी आणि त्यावर २० टक्के व्हॅट सांगितला. इतका लागतो का? स्टिअरिंग तिकडेच उजवीकडे करून देतो असं विकणारा म्हणतो, करून घ्यावं का? कंटेनर बरा की रोरो (गाडी चालवतच जहाजावर चढवणं)? आणि गाडी उतरल्यावर नंबर मिळेपर्यंत कागद कोणत्या क्रमाने करायचे? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाना_दहा_बारा
एजंटाने ८७०३ या कोडचा, म्हणजे साध्या मोटारीचा हिशोब दिलेला दिसतो. तुमची गाडी ९७०५ १० या कोडखाली, ऐतिहासिक मूल्याची वस्तू म्हणून यायला हवी. तिथे ड्यूटी शून्य आणि व्हॅट ५ टक्के. अटी तीन: गाडी ३० वर्षांहून जुनी हवी, ते मॉडेल आता बनत नसावं, आणि गाडी मूळ अवस्थेत हवी, म्हणजे चासी, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन यांत मोठा बदल नको. दुरुस्ती, रंग, झिजलेले भाग बदलणं चालतं.

फरक किती पडतो ते पाहा. किंमत आणि भाडं मिळून १३,८००. ९७०५ला व्हॅट ६९० पौंड. ८७०३ला ड्यूटी १,३८० आणि १५,१८० वर २० टक्के व्हॅट ३,०३६, एकूण ४,४१६. बंदरापासून घरापर्यंतचा खर्चही व्हॅटच्या रकमेत धरतात, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे वर सरकतील.

गाडी जहाजावर चढायच्या आधी एजंटाला कोड लेखी कळवा. सोबत गाडीचे फोटो आणि वयाचा पुरावा द्या. चुकीच्या कोडखाली पैसे भरून मागाहून परतावा मागता येतो, पण ते काम रेंगाळतं आणि तोवर तुमचे साडेतीन हजारांहून जास्त पौंड अडकून राहतात.

स्टिअरिंगचं उत्तरही यातच आहे. अटींमध्ये स्टिअरिंगचा नाव घेऊन उल्लेख आहे, त्यामुळे तिकडे बदल करून घेतलात तर हरकत घ्यायला आयतं कारण देता. आहे तशी आणा, नंबर मिळाल्यावर काय ते करा. डाव्या स्टिअरिंगची गाडी इथे कायदेशीर आहे.

जुनं_लोखंड
वरचं सगळं बरोबर, पण मी आधी टायटल बघेन. कराची चूक निस्तरता येते, टायटलची फार जड जाते.

टायटल विकणाऱ्याच्याच नावावर आहे का? आधीच्या मालकाची सही आहे आणि खरेदीदाराचा रकाना कोरा आहे, असं टायटल घेऊ नका. त्यावर बँकेचं किंवा कर्ज देणाऱ्याचं नाव असेल तर बोजा उतरल्याचा कागद हवा. अमेरिकन कस्टमला मूळ टायटल निर्यातीच्या किमान ७२ तास आधी दाखवावं लागतं. निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद माल पाठवणारी कंपनी करते, तिला तुमचं अधिकारपत्र लागतं.

मग चासी नंबर. बॉनेट उघडून पाटीचा सरळ समोरून फोटो मागवा. डाव्या स्टिअरिंगच्या त्या काळातल्या रोडस्टरचा नंबर जीएचएन३एल असा सुरू होतो. पाटी नुसत्या स्क्रूने बसवलेली असते, म्हणून टायटलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. टायटलवर एल गळालेला असणं किंवा शून्याच्या जागी ओ टाईप झालेला असणं नेहमीचं आहे. ती दुरुस्ती विकणाऱ्याकडून कॅलिफोर्नियातच करून घ्या. इकडे कस्टम, नोव्हा (बाहेरून आणलेल्या गाडीची कर खात्याकडची नोंद) आणि डीव्हीएलए (गाड्यांना नंबर देणारं सरकारी खातं) या तिघांकडे नंबर एकसारखा लागतो. एक अक्षर चुकलं की अर्ज परत येतो.

तिसरं, साल. अमेरिकेत गाडी ज्या वर्षी विकली गेली ते साल टायटलवर चढलेलं असू शकतं. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. त्यात बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग आणि गाडी कोणत्या देशात पाठवली हे कारखान्याच्या नोंदवहीतून मिळतं. इंजिन नंबर १८जीबीने सुरू होत असेल तर ते त्या काळाशी जुळतं. वय सिद्ध झालं नाही तर क्यू अक्षराचा, म्हणजे वय नक्की नसलेल्या गाडीचा नंबर गळ्यात पडतो आणि विकताना किंमत घसरते.

ब्रमकर
टायटल विकणाऱ्याच्या नावावर आहे, बोजा नाही. पण पाटीवर जीएचएन३एल आणि पुढे तिरकी रेघ आहे, टायटलवर रेघ नाही. याने अडेल का?

जुनं_लोखंड
रेघेने सहसा अडत नाही. एकच पद्धत ठरवा, बिनरेघेची, आणि बिल ऑफ सेलपासून विम्यापर्यंत सगळीकडे तशीच लिहा.

सिल_आणि_सांधे
कॅलिफोर्नियाची गाडी म्हणजे गंज नाही, असं धरून चालू नका. ती आधी बर्फाच्या, मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या राज्यात असू शकते. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीवर असतो. बाहेरचं सिल नवं लावून आतलं कुजलेलं तसंच झाकलेलं सापडतं. जॅक लावून एक बाजू उचलायला सांगा आणि दाराच्या मागच्या फटीचा व्हिडिओ मागवा. फट मिटत आली तर सिल गेलं. सीटमागची बॅटरीची पेटी आणि खालून कॅसल रेल (सिलचा तळाचा भाग) टोचून बघायला लावा. कोरड्या हवेत पत्रा टिकतो, रबर मात्र मरतं. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, टायर बदलायचेच आहेत असं धरून किंमत ठरवा. इथल्या साध्या ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलच्या) पेट्रोलने जुन्या नळ्या लवकर खराब होतात, ई५ भरा.

कापडी टपाची गाडी रोरोने पाठवू नका. टप कापून आत हात घालणं सोपं असतं. कंटेनरमध्ये गाडी चाकांना पट्टे घालून बांधायला सांगा. विमा सर्व जोखमींचा घ्या, नुसता संपूर्ण नुकसानीचा नको. १,८०० मध्ये इकडचा कंटेनर रिकामा करण्याचा आणि बंदराचा खर्च आहे का, तेही विचारा. बहुतेक वेळा नसतो.

आणखी एक: १९६७च्या बहुतेक गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) आहेत. नंतर कोणी बदललंय का ते विचारून काचेवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. बंदरात कोणी उलटं जंप केलं तर रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास दोन्ही जळतात.

पाना_दहा_बारा
आता इकडचा क्रम. गाडी आल्यापासून १४ दिवसांत नोव्हाची नोंद. एजंट करणार असेल तर झाल्याचा पुरावा मागून घ्या. नोव्हा पूर्ण झाल्याशिवाय डीव्हीएलए नंबर देत नाही. मग व्ही५५/५ फॉर्म, सोबत मूळ टायटल, हेरिटेज सर्टिफिकेट, ओळख आणि पत्त्याच्या प्रती, ५५ पौंड. गाडी ४० वर्षांहून जुनी असल्याने रस्ता कर शून्य. एमओटीतून (गाडीची वार्षिक तपासणी) सूट हवी तर व्ही११२ फॉर्म जोडा. सूट असली तरी एकदा एमओटी करून घ्याच, ब्रेक दुसऱ्या कोणीतरी तपासलेले बरे. नंबर नसताना विमा चासी नंबरवर मिळतो, आणि आधी वेळ ठरवलेल्या एमओटीला गाडी चालवत नेता येते.

दिवे विसरू नका. अमेरिकन दिव्यांचा डिप (खाली झुकवलेला झोत) उजवीकडे पडतो, सात इंची दिवे इथल्या नमुन्याचे घाला. मागचे इंडिकेटर लाल असतील. सप्टेंबर १९६५पासूनच्या गाड्यांना ते नारिंगीच लागतात, म्हणून काचा बदला, आणि तारही वेगळी ओढावी लागेल का ते पाहा.

ब्रमकर
पुढेमागे पुण्याला परतलो तर गाडी नेता येईल का?

जुनं_लोखंड
५० वर्षांचा टप्पा ओलांडलेला असल्याने २०२१च्या नियमांत ती व्हिंटेज म्हणून बसते. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. चासी, बॉडी, इंजिन मूळ हवं. पण रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. अर्जाला बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) लागतं. इथली सगळी कागदपत्रं, चुकलेल्या प्रतींसकट, एका फाईलमध्ये ठेवा.

ब्रमकर
विकणाऱ्याकडे पाटीचा फोटो आणि जॅकचा व्हिडिओ मागितला आहे. हेरिटेज सर्टिफिकेटचा अर्ज आजच करतो. नोंदीतली बांधणीची तारीख ऑगस्ट १९६७च्या आधीची निघाली तर नंबरातलं वर्षाचं अक्षर ई मिळेल की एफ?

जुनं_लोखंड
जानेवारी ते जुलै १९६७ ई, ऑगस्टपासून एफ. तारीख अगदी काठावर असेल तर सर्टिफिकेटवरचा दिवस धरतील, म्हणून व्ही५५/५ मध्येही तोच लिहा.