शब्दचर्चा: ‘एव्हिक्शन मोरॅटोरियम’ला मराठीत काय म्हणायचं?

पश्चिमकिनारा:
लॉस एंजेलिसमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी भाड्याच्या घरांच्या नियमांची पानभर माहिती मराठीत लिहितोय. एका वाक्यावर अडलोय. इथल्या महापालिकेने कोविडकाळात लागू केलेला एव्हिक्शन मोरॅटोरियम ३१ जानेवारी २०२३ला संपला. त्याच्या चार दिवस आधी, २७ जानेवारीला, ‘जस्ट कॉज’ नावाचा कायमचा नियम लागू झाला. मी लिहिलं, ‘भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची स्थगिती उठली.’ वाचायला दिलं त्या सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की आता मालक कधीही काढू शकतो.

झालंय जवळजवळ उलटं. आधी शहराचं कायमचं संरक्षण प्रामुख्याने ऑक्टोबर १९७८पूर्वी बांधलेल्या इमारतींतल्या भाडेकरूंना होतं. नवा नियम सुटी बंगलेवजा घरं आणि नव्या इमारती यांनाही लागू आहे. तिथे राहायला लागून सहा महिने झाले किंवा पहिल्या कराराची मुदत संपली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून मालकाला ठरावीक कारणाशिवाय काढता येत नाही. म्हणजे तात्पुरतं गेलं आणि कायमचं आलं, तेही जास्त लोकांसाठी. हे एका वाक्यात बसवणारा शब्द सुचवा.

शब्दखवय्या:
मुळात लॅटिन ‘मोरा’ म्हणजे उशीर, विलंब. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो मार्च २०२०मध्ये, रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली तेव्हा. आधी तीन महिने, मग वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत. वर्तमानपत्रांनी ‘हप्तेस्थगिती’ लिहिलं आणि ते रुळलं. पण तिथे स्थगिती होती ती कर्जदाराने द्यायच्या पैशांना. तुमच्या वाक्यात स्थगिती आहे मालकाच्या कारवाईला. मराठी वाचक हप्त्यांची आठवण मनात ठेवून वाचतो, म्हणून त्याला वाटतं की भाडंच थांबवलं होतं.

‘स्थगिती उठली’ हा प्रयोग तर कोर्टाच्या बातम्यांतून येतो. बांधकामावरची स्थगिती उठली म्हणजे उद्या जेसीबी. वाचकांनी अर्थ चुकीचा काढलेला नाही, शब्दाने त्यांना तिकडे नेलं.

गिरगावचा जिना:
मोरॅटोरियम नंतर बघू, आधी ‘एव्हिक्शन’चं काय ते ठरवा. सरकारी भाषांतरात ‘निष्कासन’ येतं. मुंबईत निष्कासन म्हटलं की पालिकेने अनधिकृत बांधकाम पाडलं असं वाटतं. ‘हकालपट्टी’ पक्षातून होते. चाळीत कोणीही यातला एकही शब्द वापरत नाही. मालक ‘जागा खाली करून मागतो’, भाडेकरू ‘जागा सोडत नाही’, आणि मग लघुवाद न्यायालयात ‘ताब्याचा दावा’ पडतो. दावा लागला की नातवंडांची लग्नं होतात, तो निराळा विषय. शेवटी बेलिफ येतो तेव्हा तो ‘ताबा घ्यायला’ आलेला असतो.

तुमच्या पानासाठी ‘घर खाली करायला लावणे’ घ्या. लांब आहे, पण कोणालाही कळेल.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे बेदखल. बेदखली. एका शब्दात काम झालं, कशाला एवढी कुस्ती?

गिरगावचा जिना:
ठेचाभाऊ, बेदखल शेतजमिनीवरून होतात. दोन खोल्यांतून बेदखल म्हणजे फार दरबारी वाटतं हो.

वऱ्हाडी ठेचा:
तुमच्या मुंबईचा भाडेकायदा आमच्याकडे नव्हताच. १९४९चा सी. पी. अँड बेरारचा भाडेनियंत्रण आदेश होता आमच्यासाठी आणि मराठवाड्याला हैदराबादचा १९५४चा. तिन्ही मिळून एक झाले ते ३१ मार्च २००० पासून. तवा मराठी म्हणजे गिरगावची मराठी असं समजू नका.

उंबरठा:
ठेचाभाऊंचा मुद्दा धरूनच सांगते. शेतीच्या बाजूला आपल्याकडे या विषयाचे शब्द तयार पडलेले आहेत आणि आपण इंग्रजीकडे बघत बसलोय. ‘संरक्षित कूळ’ हा शब्द जुन्या सातबाऱ्यावर असायचा. मुंबई प्रांताच्या १९३९च्या कूळकायद्यात आला, १९४८च्या कायद्यात पुढे चालला. ठरावीक कारण असल्याशिवाय जमीनमालकाने ज्याला उठवायचं नाही, तो संरक्षित. पश्चिमकिनारा यांना हवा आहे तो अर्थ हाच. तेव्हा ‘संरक्षित भाडेकरू’ म्हणा. आणि वाक्याची सुरुवात स्थगितीने न करता संरक्षणाने करा.

मांडवीकाठ:
गोव्यातून एक भर. आमच्याकडे १९७५चा मुंडकार कायदा आहे आणि त्याच्या नावातच ‘घर खाली करण्यापासून संरक्षण’ आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. तो साधा भाडेकरू नव्हे, शेताचं कूळही नव्हे. पूर्वी भाटकाराची मर्जी फिरली की याचं घर गेलं. कायद्याने ते बंद केलं, आणि पुढे घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्कही दिला. एका कायद्याला भाडेकरूसाठी तिसराच शब्द लागला यावरून कळेल, की हा शब्द प्रत्येक मुलखात वेगळा माणूस उभा करतो.

पुणे ३०:
तोच धागा पुढे. पुण्यात आज स्वतःला भाडेकरू म्हणवणाऱ्यांपैकी बहुतेक जण कायद्याने भाडेकरू नाहीतच. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स म्हणजे परवाना. मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २४खाली सक्षम अधिकारी बाहेर काढू शकतो, वर दुप्पट शुल्काने भरपाई. पागडीवाले ते खरे संरक्षित. मराठी वाचकाच्या डोक्यात दोनच चित्रं असतात. एक, चाळीस रुपये भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या राहणारा पागडीवाला. दोन, दर मे महिन्यात टेंपो शोधणारा आयटीवाला. लॉस एंजेलिसचा भाडेकरू दोन्हींत बसत नाही. त्याचं भाडं बाजारभावाचं, पण त्याला उठवायला मालकाला कारण दाखवावं लागतं. हे मधलं चित्र आपल्याकडे नसल्यामुळे शब्दही नाही. शब्द शोधण्यापेक्षा दोन ओळी समजावून लिहा.

पश्चिमकिनारा:
पुणेकरांचं पटलं. पण शीर्षकाला शब्द लागतोच ना! आणि शहरं अशी तात्पुरती बंदी घालून ती पुढच्या कायद्याच्या दारात सोडतात, हे इथे आधीही झालंय. तेव्हाचा किस्सा शब्दांसाठी जास्त उपयोगी आहे.

८ ऑक्टोबर २०१९ला गव्हर्नर न्यूसम यांनी कॅलिफोर्निया राज्याच्या भाडेकरू संरक्षण कायद्यावर सही केली. लागू होणार १ जानेवारी २०२०पासून. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, वर्षाला भाडेवाढ महागाई अधिक ५ टक्के, आणि काही झालं तरी १० टक्क्यांच्या वर नाही. दोन, बारा महिने राहिलेल्या भाडेकरूला कारणाशिवाय काढायचं नाही. भाड्याची मर्यादा मागे नेऊन १५ मार्च २०१९पासून धरली होती, त्यामुळे मधल्या काळात भाडं वाढवून मालकाचा फायदा नव्हता. पण काढण्याची अट मागे नेलेली नव्हती. मग काय, सही झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत साठ दिवसांच्या नोटिसा सुटल्या. जुना भाडेकरू काढायचा, नव्याला हव्या त्या भाड्याने ठेवायचं. लॉस एंजेलिससह काही शहरांनी घाईने ठराव करून तेवढ्यापुरती बंदी घातली. १ जानेवारी उजाडला, राज्याचा कायदा लागू झाला आणि शहरांची बंदी आपोआप निकामी झाली. कोणी ‘उठवली’ नाही.

शब्दखवय्या:
वा! मग ती २०१९ची बंदी म्हणजे सरळ ‘मधल्या काळापुरती मनाई’. तिला स्थगिती म्हणूच नका. स्थगितीत ‘नंतर होणार आहे’ हे गृहीत असतं, मनाईत नसतं. अमेरिकेतल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेचा ४ सप्टेंबर २०२०चा आदेशही मनाईच होता, तो सुप्रीम कोर्टाने २६ ऑगस्ट २०२१ला थांबवला. या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द आहे म्हणून मराठीतही एकच हवा, असा काही नियम नाही.

आणि संपण्यालाही वेगवेगळी क्रियापदं आहेत की आपल्याकडे. मनाई ‘उठते’, मुदत ‘सरते’, आदेश ‘रद्द होतो’, ठराव ‘बाद होतो’. तुमच्या वाक्याला ‘मुदत सरली’ शोभेल. उठली म्हटलं की दार उघडल्यासारखं वाटतं.

तिसरा माळा:
मुळात भाडं माफ झालं होतं का, हे कोणीतरी सांगा. माझा भाचा तिकडे आहे, त्याच्या शेजाऱ्याने दोन वर्षं भाडं दिलं नाही म्हणे.

पश्चिमकिनारा:
नाही हो काका, माफ काही झालं नाही. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ची थकबाकी १ ऑगस्ट २०२३पर्यंत फेडायची होती आणि ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२३ची १ फेब्रुवारी २०२४पर्यंत. हा माफीचा गैरसमज इथल्या इंग्रजी बोलणाऱ्यांतही होता. त्यात जुन्या इमारतींमधली भाडेवाढ ३१ जानेवारी २०२४पर्यंत गोठवलेली होती, ती तिसरीच गोष्ट. लोक या तिन्हींना मोरॅटोरियमच म्हणायचे.

उंबरठा:
मग याला तर आपला जुना अस्सल शब्द आहे: तहकुबी! इंग्रजी अमलात पीक बुडालं की शेतसारा एक तर ‘तहकूब’ व्हायचा किंवा ‘माफ’. तहकूब म्हणजे यंदा नको, पुढे द्या. माफ म्हणजे सुटलात. दोन्हींतला फरक निरक्षर शेतकऱ्यालाही पक्का ठाऊक होता, कारण त्याची जमीन त्यावर टिकायची. १९१८चा गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह याच तहकुबीसाठी झाला. पीक चार आण्यांच्या, म्हणजे नेहमीच्या पावपट पिकाच्या, आत असेल तर सारा तहकूब करायचा नियम होता, आणि सरकार म्हणत होतं की पीक त्याहून जास्त आहे.

हल्ली फक्त सभा तहकूब होतात. ‘भाडे तहकूब, माफ नव्हे’ असं लिहिलंत तर चार शब्दांत काम होईल.

गिरगावचा जिना:
उंबरठाताई, शंभरपैकी शंभर. पण तिशीच्या आतल्या वाचकाला तहकूब माहीत असेल का? मला तरी शंका आहे. शीर्षकात ‘स्थगित’ ठेवा, मजकुरात तहकूब घाला, दोघांचं समाधान.

आमच्याकडे ‘तात्पुरतं’ या शब्दाचं काय झालं तेही सांगतो. १९४७चा मुंबईचा भाडेकायदा मुदतीचा होता. पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली. भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठलं ते गोठलं. शेवटी डिसेंबर १९९७मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही. तेव्हा कुठे नवा कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. आमच्या मालकाने त्या ४ टक्क्यांचं काय करायचं, असं तो दर दिवाळीत विचारतो. विचारू दे. पण छपराची दुरुस्ती चाळीस रुपयांत होत नाही हेही खरं, आणि ती झाली नाही की इमारतीचं काय होतं ते मुंबईला दर पावसाळ्यात दिसतं. म्हणून तात्पुरत्याचं वेळेवर काहीतरी कायमचं केलेलं बरं. त्या बाबतीत लॉस एंजेलिसवाल्यांनी जे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं.

पुणे ३०:
‘जस्ट कॉज’ राहिलंच. ‘न्याय्य कारण’ नको. मालकाला त्याचं प्रत्येक कारण न्याय्यच वाटतं. ‘सबळ कारण’ही नको, सबळ आहे की नाही यावर वाद होणार. तिथे कारणांची यादी ठरलेली आहे ना? मग ‘नमूद कारण’ म्हणा. ‘कायद्यात नमूद कारणाशिवाय घर खाली करायला लावता येणार नाही.’

पश्चिमकिनारा:
यादी ठरलेलीच आहे, आणि तिचे दोन भाग आहेत. भाडं थकवणं, करार मोडणं, उपद्रव देणं वगैरे भाडेकरूच्या बाजूची कारणं. मालकाला स्वतःला किंवा घरच्यांना राहायला यायचंय, इमारत पाडायचीय, सरकारी आदेश आहे, ही दुसरी. दुसऱ्या भागात मालकाने भाडेकरूला हलण्यासाठी पैसे द्यावे लागतात. इंग्रजीत ‘ॲट फॉल्ट’ आणि ‘नो फॉल्ट’.

पुणे ३०:
‘कसूर’ आणि ‘विनाकसूर’. मालकाला स्वतःसाठी घर हवंय याला आपल्याकडचे वकील ‘बोनाफाइड’ म्हणतात, ते मात्र तसंच राहू द्या. त्याचं मराठी करायला गेलात तर कोर्टाच्या कँटीनमध्येही कोणाला कळणार नाही.

पश्चिमकिनारा:
हे आवडलं. सध्याचा मसुदा असा:

‘लॉस एंजेलिस शहरात आता बहुतेक सर्व भाडेकरू संरक्षित आहेत. कायद्यात नमूद कारणाशिवाय मालक घर खाली करायला लावू शकत नाही. कोविडकाळातील तात्पुरत्या मनाईची मुदत ३१ जानेवारी २०२३ रोजी सरली. त्या काळातील भाडे तहकूब होते, माफ नव्हते. भाडे थकल्यास नोटीस येऊ शकते. मात्र थकबाकी एका महिन्याच्या सरकारमान्य बाजारभाड्यापेक्षा जास्त झाल्याशिवाय त्या कारणावरून काढता येत नाही.’

शेवटचं वाक्य मार्च २०२३च्या नियमातलं आहे. तेव्हा एका बेडरूमच्या घरासाठी ही रक्कम १,७४७ डॉलर होती, दरवर्षी बदलते.

तिसरा माळा:
नोटीस किती दिवसांची?

पश्चिमकिनारा:
भाडं थकलं तर तीन दिवसांची. शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्या सोडून. मालकाने नोटिशीची प्रत पालिकेच्या गृहनिर्माण विभागाकडेही पाठवायची असते.

गिरगावचा जिना:
तीन दिवस?? आमच्याकडे मागणीची नोटीस दिल्यावर नव्वद दिवस दावाच लावता येत नाही. मसुद्यात ‘तीन दिवस’ ठळक अक्षरांत घाला. इथून गेलेला माणूस नोटीस खुंटीला अडकवून दिवाळीनंतर बघू म्हणेल.

पश्चिमकिनारा:
घातलं. आणि दावा लागला की उत्तर द्यायला कोर्टाचे दहा दिवस, २०२५पूर्वी पाचच होते. तेही घालतो.

एक राहिलं. मालक कधीकधी ‘एवढे डॉलर घ्या आणि आपणहून निघा’ असं सांगतो, त्याला इथे ‘कॅश फॉर कीज’ म्हणतात. मराठीत?

वऱ्हाडी ठेचा:
उठवणी.

मांडवीकाठ:
‘जागा सोडायचे पैसे’ लिहा. आणि पुढे कंसात ‘सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा’.