घरी बडबड, बाहेर मौन

कोथरूडची आई: सहा वर्षांचा लेक घरी अखंड बडबडतो, बाहेर माझ्या ओढणीमागे लपतो. सोसायटीच्या गणपतीत सगळे ‘श्लोक म्हण ना’ म्हणून मागे लागले, तर डोळेच भरून आले त्याचे. काय करू?

बालवाडीताई: त्याच्यादेखत ‘लाजाळू आहे हो’ म्हणू नका, आधी तेवढं बंद करा! कमला नेहरू पार्कात गर्दी व्हायच्या आत न्या, सोबत एकच मित्र. घसरगुंडीपाशी नुसता बघत उभा राहिला तर राहू द्या, ढकलू नका. अशी मुलं आधी अंदाज घेतात.

समुपदेशक: शाळेत बोलतो का? पहिला महिना सोडून पुढे महिनाभर तिथे अजिबातच बोलला नाही, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला ठरावीक ठिकाणी बोलताच न येणं, असू शकतो. तो हट्ट नसतो, भीती असते.

कोथरूडची आई: बाईंशी बोलतो, हळू आवाजात. शनिवारी पार्कात नेते.