मॅडन एनएफएल (पीएस ५) : मुलाबरोबर खेळायचंय, पण पास सारखे इंटरसेप्ट होतात. मदत हवी आहे

रानवारा

नमस्कार मंडळी,

विषय इथल्या नेहमीच्या धाग्यांपेक्षा वेगळा आहे. मॅडन हा एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगवरचा व्हिडिओ गेम खेळणारं इथे कोणी आहे का तेही माहीत नाही, तरी विचारून बघते.

आम्ही ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो. लेक तेरा वर्षांचा, बेंगल्स या सिनसिनाटीच्या टीमचा कट्टर भक्त. घरी पीएस ५ (प्लेस्टेशन) वर मॅडन एनएफएल २५ आहे. त्याचे मित्र आपापल्या घरून ऑनलाइन खेळतात, नवऱ्याला क्रिकेटपलीकडे कशात रस नाही, आणि लेकाला शेजारी बसून खेळणारं कोणीतरी हवंय. या वयाचा मुलगा आपणहून "आई, चल खेळू" म्हणतोय तर मी काही ती संधी सोडणार नाही.

नियम मला येतात. चार डाऊनमध्ये (प्रयत्नांत) दहा यार्ड, टचडाऊनचे ६, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे ३, हे रविवारच्या मॅचेस बघून डोक्यात बसलंय. घोडं अडतं ते कंट्रोलर हातात आल्यावर.

होतं असं की, स्नॅप झाला, म्हणजे बॉल हातात आला, की आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) बरो मागे सरकतो. रिसीव्हर्सच्या (पास झेलणाऱ्यांच्या) डोक्यावर चौकोन, त्रिकोण, गोल अशी चिन्हं दिसतात. चेस हा रिसीव्हर मोकळा दिसतो म्हणून मी त्याचं बटण दाबते. बॉल छान तरंगत निघतो आणि मधूनच कुठून तरी समोरच्या टीमचा एक लाइनबॅकर उडी मारून तो झेलतो. हा माणूस मला आधी दिसलेलाच नसतो! लेक म्हणतो, "डिफेन्स रीड कर ना." रीड म्हणजे नेमकं काय बघायचं असं विचारलं तर म्हणतो, "सेफ्टीजकडे बघ." एवढ्यावर त्याचं कोचिंग संपतं.

शिवाय प्ले (चाल) निवडायच्या स्क्रीनवर इतके आराखडे येतात की वाचेपर्यंत घड्याळ संपत आलेलं असतं. आणि तो हल्ली अल्टिमेट टीम नावाच्या मोडसाठी पॉइंट्स विकत घेऊन मागतोय. त्यावरही अनुभवी पालकांचं मत हवंय.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

गोदाकाठ

शीर्षकात फुटबॉल हा शब्द नसतानाही मी मेस्सी शोधत आत आलो. असो, वाचतोय.

तिसरी_घंटा

रानवारा, मुलगा बरोबर सांगतोय, फक्त अर्धंच सांगतोय.

आधी हाताचं बघू. बॉल "छान तरंगत" जातो म्हणजे तुम्ही बटणाला नुसती टिचकी मारताय. टिचकी मारली की लॉब, म्हणजे उंच पास. बटण दाबून धरलं की बुलेट, म्हणजे सरळ आणि जोरात. लॉब हवेत जास्त वेळ असतो, तेवढ्यात डिफेन्सवाल्याला तिथे पोचायला फुरसत मिळते. जवळच्या पासला बटण धरा, लॉब ठेवा लांबच्यासाठी. सेटिंग्जमध्ये पासिंगचा प्रकार 'क्लासिक' आहे ना तेही बघून घ्या. 'प्लेसमेंट'मध्ये बॉल नेमका कुठे टाकायचा तेही स्टिकने ठरवावं लागतं, नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

दुसरं म्हणजे, आर२ सोडा. नवीन माणूस स्नॅप झाल्याबरोबर घाबरून उजवा ट्रिगर दाबून धरतो आणि मागे मागे पळत सुटतो. तो ट्रिगर धावण्याचा आहे. धावता धावता फेकलेला पास भरकटतो. शिवाय पंधरा यार्ड मागे गेलात की तुमच्या लाइनमन मंडळींनी केलेलं कडं, म्हणजे पॉकेट, काही कामाचं राहत नाही, कडेने वळसा घालून येणारा थेट तुमच्यावर येतो. सात-आठ यार्ड मागे या आणि थांबा. गर्दी वाटली तर एखादं पाऊल पुढे सरका.

आता 'रीड'. बॅट्समन स्टान्स घेण्याआधी एकदा फील्ड बघून घेतो ना, तेवढंच आहे हे. स्नॅपच्या आधी सर्वात मागे उभे असलेले दोघे बघा. ते सेफ्टी. मैदानाच्या मधोमध एकच खोल उभा असेल तर बहुतेक कव्हर १ किंवा कव्हर ३ (ही डिफेन्सच्या रचनांची नावं). म्हणजे मधली खोल जागा राखलेली आहे, कडेने काहीतरी मिळेल. दोघे खोल आणि एकमेकांपासून लांब असतील तर कव्हर २ किंवा कव्हर ४. तेव्हा पुढे माणसं कमी असतात, सरळ बॉल रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे) द्या आणि चार-पाच यार्ड घ्या. लोकांना पासचा मोह आवरत नाही म्हणून सांगतो.

मॅन (प्रत्येकाने एकेक रिसीव्हर धरायचा) की झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखायची) हे ओळखायची युक्ती : एका रिसीव्हरला स्नॅपआधी आडवं पळवा, मोशन म्हणतात त्याला. समोरचा एक जण त्याच्या मागोमाग पळाला तर मॅन. सगळे जागच्या जागी थोडेसे सरकले तर झोन. कधी कधी फसवतातही, पण कॉम्प्युटरसमोर बहुतेक वेळा चालतं.

आणि तो तुमचा अदृश्य लाइनबॅकर. तो रिसीव्हरजवळ नसतोच, तो बॉलच्या वाटेत उभा असतो. तुम्ही चेस मोकळा आहे का ते बघताय. बघायचं असतं ते बरोच्या हातापासून चेसच्या हातापर्यंतच्या रेषेत कोण आहे. एवढी एक सवय लागली की निम्मे इंटरसेप्शन कमी होतील.

प्ले निवडायला सुरुवातीला कोचच्या सूचना वापरा, दोन-तीनच पर्याय येतात. पाठ एकच करा : 'मेश' नावाचा प्ले. शॉटगन फॉर्मेशनमध्ये (क्वार्टरबॅक आधीच थोडा मागे उभा असतो ती रचना) बऱ्याच प्लेबुकांत सापडतो. दोन रिसीव्हर दोन बाजूंनी, स्क्रिमेजच्या रेषेपुढे (स्नॅपला बॉल असतो ती रेषा) थोड्याच अंतरावर, एकमेकांना जवळजवळ घासून जातात. मॅन असेल तर त्यांच्या मागे लागलेले दोघे एकमेकांत अडखळतात आणि एक जण सुटतो. आधी हा क्रॉस बघा, मग तो, दोन्ही बंद असतील तर बाहेरच्या अंगाला निघालेला रनिंग बॅक. तोही बंद असेल तर खेळ संपला असं समजून पॉकेटच्या बाहेर पळा आणि आर३ (उजवी स्टिक) दाबून बॉल मैदानाबाहेर फेका. पॉकेटमध्ये उभं राहून फेकलात तर ग्राउंडिंगचा, म्हणजे बॉल मुद्दाम टाकून दिल्याचा, दंड बसू शकतो. इंटरसेप्शनपेक्षा वाया गेलेला डाऊन परवडला.

स्नॅपआधी आर२ दाबून धरला की कोण कुठे पळणार त्या रेषा मैदानावर दिसतात. (हो, तोच ट्रिगर. स्नॅपआधी नकाशा, नंतर टर्बो.) प्रॅक्टिस मोडमध्ये मेश लावून समोर वेगवेगळे डिफेन्स लावून बघा. मुलगा शाळेत असताना करा, म्हणजे कोचिंग मिळणार नाही.

चिंचोके

ठाण्याहून लिहितोय. आमच्याकडे सुपर बोल (एनएफएलची फायनल) सोमवारी पहाटे ५ ला सुरू होतो, तो बघून ऑफिसला जाणारे आम्ही दोघेच आहोत बहुधा. मी पीसीवर मॅडन खेळतो, जुन्या वर्षाचा, सेलमध्ये घेतलेला.

रानवारा, तुम्ही एकमेकांविरुद्धच का खेळताय? टीम निवडताना दोन्ही कंट्रोलर एकाच बाजूला सरकवा. दोघं बेंगल्स, समोर कॉम्प्युटर. तो क्वार्टरबॅक, तुम्ही रनिंग बॅक किंवा रिसीव्हर. लेव्हल 'ऑल-मॅडन' (सर्वात अवघड) असेल तर 'प्रो'वर आणा, त्याने कितीही नाक मुरडलं तरी. मजा येते आणि घरात भांडणं कमी.

पिठलंभाकरी

पॉइंट्सच्या प्रश्नावर. दोन मुलगे आहेत, त्यामुळे या विषयात घासून निघालेय.

अल्टिमेट टीम म्हणजे पत्त्यांच्या पाकिटांचा कारभार. पाकीट फोडायचं, आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. खेळून कॉइन्स मिळतात त्यातूनही पाकिटं येतात, पण हळूहळू. घाई असेल त्याने खऱ्या पैशांनी मॅडन पॉइंट्स घ्यायचे. आणि दर ऑगस्टला नवा मॅडन येतो, तेव्हा या वर्षी जमवलेली कार्डं त्यात येत नाहीत. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलाला हे एवढंच शांतपणे सांगा आणि मे महिन्यात पैसे घालण्यात किती अर्थ आहे ते त्यालाच विचारा.

गेमच्या डब्यावर 'ई' म्हणजे सर्वांसाठी असं रेटिंग असतं, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. त्याच लेबलवर गेममधल्या खरेदीत काय निघेल याची खात्री नाही अशीही सूचना असते, ती कोणी वाचत नाही. बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या जुगार आयोगाने पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या जुगारातच मोडतात असं म्हटलं होतं.

करायचं काय? मुलाचं खातं चाइल्ड अकाउंट करा, तुमच्या फॅमिली खात्याखाली आणा आणि महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. कार्ड सेव्ह करून ठेवू नका. त्याला टीम बांधायचीच हौस असेल तर फ्रँचायझी मोड दाखवा. ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड), ट्रेड (अदलाबदल), पगाराची मर्यादा, सगळं असतं त्यात आणि वर एक पैसा लागत नाही. माझा धाकटा त्यातच रमलाय. थोरल्याचं विचारू नका.

जुना_गडी

अवांतर आहे, पण राहवत नाही. १९९०-९१ मध्ये इथे शिकायला आलो तेव्हा रूममेटकडे सेगा जेनेसिस हा गेम कन्सोल होता, त्यावर मॅडन. अमेरिकन फुटबॉल मला टीव्हीवरून नाही, त्या गेमवरून कळला. नुसती ढकलाढकली वाटायची, ती हातात कंट्रोलर आल्यावर डोक्यात शिरली.

मॅडन हे माणसाचं नाव, हे आजच्या पोरांना माहीत नसतं. जॉन मॅडन ओकलंड रेडर्सचे कोच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला, कोचिंग सोडल्यावर टीव्हीवर समालोचन केलं. गेम बनवणाऱ्यांनी त्यांना सुरुवातीला दोन्हीकडे कमी खेळाडू असलेला खेळ सुचवला होता, कारण त्या काळच्या कॉम्प्युटरला बावीस माणसं पेलत नव्हती. मॅडन अडून बसले : अकरा विरुद्ध अकरा नसेल तर ते फुटबॉल नाही आणि माझं नावही नाही. त्यात वर्षं गेली आणि १९८८ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर पहिला गेम आला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

त्या हट्टामुळेच हा गेम शिकायला अवघड आणि शिकवायला उत्तम झाला असं माझं मत. तिसरी_घंटा यांनी सेफ्टींबद्दल लिहिलंय ते खऱ्या मैदानावर जसंच्या तसं लागू पडतं.

दरवर्षी नवा घ्यायची मात्र गरज नाही. २००४ मध्ये सेगाने ईएसपीएन एनएफएल २के५ हा दुसरा फुटबॉल गेम अवघ्या २० डॉलरला काढला, तेव्हा खरी स्पर्धा होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅडन काढणाऱ्या ईए कंपनीने एनएफएलचे एकमेव हक्क घेतले आणि ती संपली. तेव्हापासून आमच्यासारखे म्हातारे कुरकुर करतायत, आणि गेम विकला जातोय.

तिसरी_घंटा

जुना_गडी, २के५ चा विषय काढलात तर हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल. कृपा करा.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

लॉब आणि बुलेटमधला फरक कळल्यावरच अर्धं दुखणं गेलं! मेश प्रॅक्टिसमध्ये घोटून घेतला. काल लेकासमोर तोच प्ले तीनदा लावला, तिसऱ्यांदा त्याने ओळखला आणि ब्लिट्झ पाठवला, म्हणजे जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडली. तरी रनिंग बॅकला बॉल दिला आणि पहिला डाऊन मिळाला. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. चिंचोके, एकाच बाजूने खेळायची कल्पना त्याला भलतीच आवडलीय. फक्त क्वार्टरबॅक तोच होणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलंय. चाइल्ड अकाउंटचं काम नवऱ्याकडे दिलंय.

आता दोन शंका उरल्यात. डिफेन्सला मी नक्की कोणाला चालवू? मी रिसीव्हरच्या मागे पळते आणि बॉल माझ्या डोक्यावरून निघून जातो. आणि लेक चौथ्या डाऊनला कधीच किक मारत नाही, नेहमी पुढे जायचाच प्रयत्न करतो. ते बरोबर आहे का? मला सांगायला आधार हवाय.

तिसरी_घंटा

डिफेन्सला रिसीव्हरच्या मागे जाऊच नका. स्नॅपआधी बदलून मधला डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सच्या पुढच्या रांगेतला) घ्या. कव्हरेजचं कॉम्प्युटर बघेल, तुम्ही फक्त क्वार्टरबॅककडे घुसायचं. चुकलात तरी मागे दहा जण आहेत. सेफ्टी चुकला तर थेट टचडाऊन. हात बसला की मग मधला लाइनबॅकर घ्या. आणि उडी मारून टॅकल करायचा मोह टाळा, जवळ जाऊन धरा.

चौथ्या डाऊनचं गणित : बॉल समोरच्यांच्या ज्या यार्डावर आहे त्यात १७ मिळवा, ते किकचं अंतर. १० यार्ड एंड झोनचे (मैदानाच्या टोकाचा पट्टा), ७ मागे सरकून किक मारतात त्याचे. बॉल ३३ वर असेल तर किक ५० ची. ५० पर्यंत, वारा नसेल तर, मारा म्हणावं. एक-दोन यार्डच हवे असतील आणि मैदानाचा मध्य ओलांडलेला असेल तर त्याचं बरोबर आहे, जाऊ दे त्याला. स्वतःच्या २० वर चौथा डाऊन आणि आठ यार्ड बाकी असताना जात असेल, तर पंट (बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देणं) करायला लावा. ऐकलं नाही तर तुमच्या बाजूच्या कंट्रोलरवरून पॉज दाबा.