ग्रॅहम काउंटी: १८९०ची पोकळी भरता येते

पूर्वजांचा शोध घेताना काही जण म्हणतात की अमेरिकेची १८९०ची जनगणना नष्ट झाल्यामुळे कॅन्सस राज्यातल्या ग्रॅहम काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) घराण्यांचा माग तिथेच तुटतो. तसं नाही. कॅन्सस राज्य स्वतःची शिरगणती वेगळी करायचं. १८८५ आणि १८९५च्या याद्या उपलब्ध आहेत आणि त्यांत माणूस कुठून कॅन्ससला आला याचाही रकाना आहे.

याच काउंटीतल्या निकोडेमस गावासाठी तर हा रकाना म्हणजे सोनंच. १८७७ साली गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबं केंटकीहून इथे आली, पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या घरांत काढला. रकान्यात केंटकी दिसलं की तिथली १८७०ची जनगणना बघायची. त्याआधी १८५० आणि १८६०ला गुलामांची नावंच सहसा लिहीत नसत. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग.

वाचायला खरी मजा होमस्टेडच्या, म्हणजे वस्ती करून जमीन कसणाऱ्याला सरकारी जमीन देण्याच्या योजनेच्या, फायलींत. १६० एकर नावावर करायला घर केवढं, नांगरट किती, सगळं सांगावं लागे, वर दोन साक्षीदार. ते कोण, हे आधी बघा; शेजारी तर असतातच, कधी कधी सोयरेही निघतात.

१८८८मध्ये रेल्वे निकोडेमसला बगल देऊन गेली, दुकानं नदीपलीकडे हलली. वंशज मात्र दरवर्षी जुलैअखेरीस अजून निकोडेमसलाच जमतात. जायचंच असेल तर तेव्हा जा.