तवा लागला, हात आधी मागे आला आणि आग मागाहून झाली. असं का होतं?

नौपाड्याची ताई:
काल रात्री भाकरी उलटताना बोट तव्याच्या कडेला टेकलं. हात झटकन मागे आला, मग "आई गं" निघालं. आधी सुई टोचल्यासारखं झालं, क्षणभरच. खरी आग त्यानंतर सुरू झाली, ती नळाखाली बोट धरलं तरी थांबेना. सातवीतली लेक शेजारीच होती. म्हणाली, "आई, दुखायच्या आधीच हाताला कसं कळलं?" मला सांगता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. कोणी नीट समजावेल का?

वाशीचे सर, निवृत्त:
ताई, लेकीने नेमका गाभ्यालाच हात घातलाय! हात मागे घ्यायचा हुकूम मेंदूचा नव्हताच. बोटाकडून आलेला संदेश मेरुरज्जूतली, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या दोरातली, एक मधली चेतापेशी (संदेश वाहणारी पेशी) परस्पर स्नायूच्या चेतापेशीकडे सोपवते. मेंदूला खबर मागाहून लागते.

आता दोन वेदनांचं. सुईसारखी कळ आणणाऱ्या तंतूंवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यांवर, मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं, मध्ये मध्ये उघड्या जागा. संदेश तेवढ्याच जागी नव्याने उमटतो, ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल मोजकीच स्टेशनं घेते तसा. वेग सेकंदाला 5 ते 30 मीटर. आग आणणारे तंतू बारीक, बिनआवरणाचे. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर.

ऐरोलीकर:
सर, म्हणजे वायरमधून वीज जाते तसंच ना? आणि एका पेशीतून दुसरीत कसं जातं?

वाशीचे सर, निवृत्त:
वायरसारखं नाही. शांत पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. तंतूवरची बारीक दारं उघडली की सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागेपुरता भार उलटतो आणि त्याने पुढची दारं उघडतात. दाताचे डॉक्टर बधिर करायला जे इंजेक्शन देतात, ते हीच दारं अडवतं.

दोन पेशींमध्ये बहुतेक ठिकाणी फट असते, साधारण 20 नॅनोमीटरची. तिथे रसायन सोडलं जातं. 1921 साली शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची चेता उत्तेजित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं! चेतेने जोडलेलं काही नाही, नुसतं द्रव. हे सांगताना मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

नौपाड्याची ताई:
सर, मनापासून आभार. लेकीने शिवणाच्या टेपने माझा हात बोटापासून मानेपर्यंत मोजला, 82 सेंटिमीटर. सेकंदाला एक मीटर धरून 0.82 सेकंद, असं तिने वहीत लिहून ठेवलंय.