मदत हवी आहे: भंडाऱ्याचा पिवळा छापताना सपाट होतोय, रॉ (कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ) फाइलसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी सासवडची. लग्नाचे, बारशाचे फोटो काढते, त्यावर घर चालतं. सोमवतीला जेजुरीला मात्र गेली सहा वर्षं स्वतःसाठी जाते. माझे सासरे पालखीचे खांदेकरी होते. गेल्या वर्षी ते गेले. पालखी गडावरून कऱ्हा नदीकडे निघतानाचा त्यांचा एक फोटो माझ्याकडे आहे. खांद्यावर दांडी, डोळे मिटलेले, वरून भंडारा कोसळतोय आणि पांढऱ्या भुवयांवर त्याचे कण बसलेत. मागे भंडाऱ्याचा ढग आहे. एकावर एक तीन-चार थर, मधून दीपमाळेचं टोक दिसतंय.

सासूबाईंना हा फोटो वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर लावायचाय, २४ बाय ३६ इंचांत. लॅबमधून प्रिंट आली आणि पोटात गोळा आला. ढगाच्या जागी एकसारखा पिवळा पत्रा. थर नाहीत, दीपमाळ विरघळलेली, पागोट्याच्या घड्या गायब. भुवईवरचे कण तेवढे वाचले, कारण तिथे खाली पांढरे केस आहेत. लॅबवाले म्हणाले, फाइलच तशी आहे. घरी येऊन पाहिलं, तर पाठवलेल्या जेपेगमध्ये खरंच थर नव्हते. एक्स्पोजर खाली ओढलं की रॉमध्ये मात्र ते दिसतात! म्हणजे मधेच कुठेतरी जातात.

कॅमेरा निकॉन डी७५०, रॉ १४ बिट. संगणक सात वर्षांचा, आय५, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड साधंच.

आठवडाभर तीच एक एनईएफ (निकॉनची रॉ) फाइल चार ठिकाणी उघडून बसले. निकॉनच्या फुकट एनएक्स स्टुडिओत रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला होता तसाच आला, कारण कॅमेऱ्यातलं पिक्चर कंट्रोल (रंगाची सेटिंग) ते जसंच्या तसं वाचतं. पण एकेका भागावर बारकाईने काम करायला मला तिथे जमेना. लाइटरूममध्ये अडोबी कलर प्रोफाइलवर पिवळा केशरीकडे झुकला, कॅमेरा न्यूट्रल लावल्यावर शांत झाला. वर्षानुवर्षांची सवय असल्याने हात तिथेच सगळ्यात वेगाने चालतो. डार्कटेबलमध्ये फोटो आधी मलूल दिसला, मॉड्यूलची नावं वाचूनच दमले, पण ढगाचे थर पहिल्यांदा नीट दिसले ते तिथे. रॉथेरपीमध्ये बारीक तपशील फार सुंदर येतो. केस, दांडीवरच्या चांदीचं नक्षीकाम, सगळं. कॅप्चर वन आणि डीएक्सओ फोटोलॅब यांच्या चाचणी आवृत्त्या अजून उतरवलेल्या नाहीत. मुदत सुरू झाली की दिवस मोजावे लागतात, म्हणून आधी इथे विचारतेय.

आणखी एक सांगायला हवं. मागे माझी एक हार्ड डिस्क गेली. फोटो दुसऱ्या डिस्कवर होते, ते वाचले. लाइटरूमचा कॅटलॉग (सगळे बदल ज्यात साठतात ती फाइल) गेला, आणि त्याच्याबरोबर तीन वर्षांचं सगळं संस्करण. लाइटरूममध्ये बदल फोटोशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्येही लिहून ठेवायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. मी केली नव्हती. तेव्हापासून केलेलं काम फोटोच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये राहायला हवं असं वाटतं. शिवाय लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबली की डेव्हलप विभाग बंद होतो. जुने फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, पण एक स्लायडरही हलत नाही. एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती लाइटरूम ६, तीही २०१५ची.

तर माझा प्रश्न: हा पिवळा ज्यात धरून ठेवता येईल आणि दहा वर्षांनीही ज्यात माझं काम मला उघडता येईल, असं काय घ्यावं? पैसे भरायची तयारी आहे, पण एकदाच.

प्रतिसाद १

ताई, सॉफ्टवेअर बदलण्याआधी एक गोष्ट तपासा. मूळ रॉमध्ये लाल, हिरवा, निळा यांपैकी कुठला चॅनल फुटलाय का, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकून त्यातला तपशील गेलाय का? कॅमेऱ्यावर लुकलुकणारे भाग आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हे आतल्या जेपेगवरून काढलेले असतात, त्यांच्यावर जाऊ नका. रॉथेरपीमध्ये हिस्टोग्राम रॉवर लावता येतो, डार्कटेबलमध्ये रॉ ओव्हरएक्स्पोज्डचं वेगळं चिन्ह आहे.

माझा अंदाज असा की काहीच फुटलेलं नाही. पिवळा म्हणजे भरपूर लाल, भरपूर हिरवा आणि निळा जवळजवळ नाहीच. सेन्सरवर निळ्याचं थोडं का होईना मोजमाप असतं. पण तो रंग एसआरजीबीत (जेपेगच्या नेहमीच्या रंगचौकटीत) आणताना इतका भडक पिवळा त्या चौकटीत मावत नाही. निळ्याची किंमत शून्याच्या खाली जाते आणि तिथे ती शून्यावरच छाटली जाते. वरच्या टोकाला लालही २५५ला, म्हणजे कमाल किमतीला, टेकतो. मग थराथरातला फरक दाखवायला एकटा हिरवा उरतो. तुमचे थर तिथे गेलेत.

खात्री करायची तर बाहेर काढलेली जेपेग उघडा आणि फक्त निळा चॅनल पाहा. ढगाच्या जागी सपाट काळा दिसला की समजायचं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मी झेंडूचे आणि गुलालाचे फोटो काढतो, गुलालातही हेच दुखणं, फक्त चॅनल वेगळा.

म्हणूनच, ताई, या एका फोटोपुरतं पाहिलं तर सॉफ्टवेअर कोणतं याला कमी महत्त्व आहे. लाइटरूम आत प्रोफोटोच्या रुंदीवर काम करतं, रॉथेरपीही तसंच, डार्कटेबल रेक २०२० वर; दोन्ही एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगचौकटी. आत सगळीकडे जागा आहे, रंग दारातून बाहेर पडताना कापला जातो. बाहेर पडण्याआधी तो कोण दाखवतं आणि हाताशी काय देतं, एवढाच फरक. लाइटरूममध्ये डेव्हलपमध्ये एस दाबा, सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर पाहणं) सुरू होईल, हिस्टोग्रामच्या कोपऱ्यातली खूण दाबली की चौकटीबाहेरचा भाग रंगवून दाखवेल. मग फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन हळूहळू कमी करा, थर उगवताना दिसतील. डार्कटेबलमध्ये उजेड-रंग बसवायला सिग्मॉइड हे मॉड्यूल घ्या, फिल्मिक या दुसऱ्या मॉड्यूलपेक्षा सोपं आहे. डीएक्सओने २०२२ साली फोटोलॅब ६ पासून रुंद रंगक्षेत्र आणि सॉफ्ट प्रूफिंग दिलं, गडद रंग सांभाळायचा वेगळा स्लायडरही त्यात आहे. एकदाच पैसे भरायचे असतील तर त्याची चाचणी नक्की घ्या. गोंगाट (फोटोतले दाणे) काढण्यात तर ते फार पुढे आहे, पण त्यासाठीच्या डीपप्राइमला तुमचा संगणक वेळ घेईल.

काम फोटोशेजारी राहण्याबद्दल: डार्कटेबल स्वतःहूनच एक्सएमपी लिहितं, रॉथेरपी तशीच पीपी३ फाइल लिहितं, कॅप्चर वनमध्ये सेशन केलं तर सेटिंग त्याच फोल्डरच्या पोटात राहतात. पण एकाचं संस्करण दुसरा वाचेल ही आशा सोडा. तारे आणि कीवर्ड तेवढे दुसरीकडे पोचतात. डार्कटेबल लाइटरूमचं क्रॉप, एक्स्पोजर असं थोडंफार उचलतं. बाकी सगळं नव्याने. त्यामुळे जो फोटो जन्मभर हवाय त्याची १६ बिट टिफ (तपशील न गमावणारी फाइल) काढून ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याची एक फाइल सुमारे १४५ एमबी होईल. होऊ दे.

प्रतिसाद ३

मी प्रिंटिंगच्या धंद्यात आहे, कोल्हापूर. दोन गोष्टी. २४ बाय ३६ला तुमच्या कॅमेऱ्याचे इंचाला १६७ पिक्सेल पडतात. भिंतीवरच्या फोटोला पुरेत, वाढवत बसू नका. आणि लॅबकडून त्या मशीनचं, त्याच कागदाचं प्रोफाइल (तिथे रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, सॉफ्ट प्रूफ त्यावर करा. देत नसतील तर एसआरजीबीच द्या, पण आधी ८ बाय १२चा तुकडा छापून घ्या. तो तुकडा पूर्ण फोटोचा नको, मोठ्या मापातला ढग आणि पागोटं एवढाच कापून घ्या. आणि प्रिंट ट्यूबलाइटखाली बघू नका, पिवळा फसवतो. दारात, सावलीत बघा.

प्रतिसाद ४

लग्नाचं काम असेल तर मी कॅप्चर वन म्हणेन. कायमचा परवाना अजून मिळतो. हळदीच्या फोटोंत अंगावरची हळद आणि त्वचा यांचे रंग एकमेकांत मिसळतात, ते वेगळे करायला त्याच्या कलर एडिटरसारखं मला दुसरं काही सापडलं नाही. त्वचेसाठी त्यात स्वतंत्र टॅब आहे. शिकायला महिना जातो. महाग आहे, हे खरं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसले. रॉमध्ये एकही चॅनल फुटलेला नाही. आणि जेपेगचा निळा चॅनल उघडला तर ढगाच्या जागी सपाट काळा. तो पाहून रडूच आलं, कारण याचा अर्थ फोटो शाबूत आहे.

डार्कटेबलमध्ये सिग्मॉइड लावलं, पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी केलं, मास्कने फक्त ढग निवडून त्याचा थोडा उजेड उतरवला. सासऱ्यांच्या चेहऱ्याला हात लावला नाही. आज लॅबमधून ढगाचा आणि पागोट्याचा तुकडा छापून आणला आणि दारात धरून पाहिला. दीपमाळ आली, घड्या आल्या. सासूबाईंनी तुकडा हातात घेतला आणि म्हणाल्या, "एवढा फिका नव्हता गं भंडारा त्या दिवशी."

बरोबर आहे त्यांचं. मीही तिथे होते. लेन्सच्या रिंगमधून अजून हळदीचा वास येतो, डोळ्यांपुढे तो पिवळा अजून लख्ख आहे.

तेव्हा आता प्रश्न एवढाच. थर राहतील आणि रंगही थोडा परत येईल असं करायला सॅच्युरेशन परत वाढवू, की ते तसंच ठेवून ढगाच्या मागचा दगड अजून गडद करू? कोल्हापूरच्या दादांनी कृपया सांगावं, मॅट कागदाऐवजी लस्टर (थोडा चमकदार) घेतला तर पिवळ्याला किती फरक पडेल? लॅबमध्ये दोन्ही मिळतात आणि शनिवारपर्यंत मला सांगायचंय.