मदत हवी आहे: आयसिंगचं टीसी (संक्रमण-तापमान) एका जागी थांबत नाही

मुक्ता_के
मतप्रसारावर काम करतेय. प्रत्येक व्यक्ती एक स्पिन, वर किंवा खाली, शेजाऱ्यांकडे बघून पलटणारी. साधं आयसिंग, म्हणजे चुंबकाचं मॉडेल; त्यावर मेट्रोपोलिस, म्हणजे एकेक स्पिन यादृच्छिकपणे पलटवून बघणारा अल्गोरिदम, लावलंय. तापमान वाढवलं की चुंबकन (सगळ्या स्पिनची सरासरी) घसरतं, पण कुठे घसरतं तेच ठरत नाही. एन, म्हणजे एकूण स्पिन, १००० घेतला तर सहाच्या आसपास, १०,००० घेतला तर आठच्या वर, आणखी मोठा घेतला की आणखी पुढे. पाठ्यपुस्तकातलं टीसी, २.२६९, कुठेच दिसत नाही. ऊर्जेचा हिशेब दोनदा हाताने पडताळलाय, बरोबर आहे. गाइडना या आठवड्यात आलेख दाखवायचाय. काय चुकतंय? "आधी पाठ्यपुस्तक वाचा" असं कृपया सांगू नका, वाचलंय.

चौकटराजा
माहिती अपुरी आहे. जाळी कुठली, सीमा आवर्ती की मोकळ्या, सुरुवातीच्या किती स्वीप (सगळ्या स्पिनवरच्या फेऱ्या) सोडल्या, जे (शेजाऱ्यांमधल्या जोडणीची ताकद) किती? २.२६९ हे सगळीकडे चालणारं उत्तर नव्हे. ऑन्सागरने १९४४ मध्ये काढलं ते द्विमितीय चौरस जाळीसाठी: प्रत्येकाला चार शेजारी, बाहेरचं क्षेत्र शून्य, जे आणि बोल्ट्झमन स्थिरांक एक. त्रिकोणी जाळीत तेच ३.६४ होतं, त्रिमितीय घनजाळीत ४.५१. भूमिती बदलली की आकडा बदलतो.

गुच्छप्रेमी
मेट्रोपोलिस सोडून द्या. संक्रमणाजवळ एकेक स्पिन पलटवत बसलं की चौरस जाळीत विश्रांतिकाळ (समतोलाला पोचायचा वेळ) लांबीच्या सुमारे २.१७ व्या घाताने वाढतो. जाळी दुप्पट केली की वाट बघणं साडेचार पट. तुमचा मोठा एन समतोलाला पोचलेलाच नसणार. वोल्फचा १९८९ चा क्लस्टर अल्गोरिदम लिहा, तो एकसारख्या स्पिनचा अख्खा गुच्छ एकदम पलटवतो, फार तर पन्नास ओळी होतील. माझ्या प्रबंधातले सगळे रन त्यावरच झाले.

बीजगणित
वोल्फ लावा, पण यादृच्छिक संख्या कुठून घेताय ते बघून. फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी १९९२ मध्ये दाखवलं की चांगला समजला जाणारा जनरेटर वोल्फसोबत चुकीची ऊर्जा देतो आणि तोच जनरेटर मेट्रोपोलिससोबत बरा चालतो. वेगवान म्हणून निर्धोक, असं नसतं.

गुच्छप्रेमी
तो जुना शिफ्ट-रजिस्टर जनरेटर होता. आज कोण वापरतं? त्या एका पेपरवरून अल्गोरिदमला दोष देणं बरोबर नाही.

बीजगणित
अल्गोरिदमला नाही, डोळे मिटून वापरण्याला दोष देतोय.

वेगवान_कोड
पायथनमध्ये लिहिलंय का? आतला लूप नंबाने (पायथनच्या कंपायलरने) कंपाइल करा, प्रचंड फरक पडतो. शेजाऱ्यांची यादी डिक्शनरीत ठेवू नका, सपाट अ‍ॅरेत ठेवा.

मुक्ता_के
वेगाचा प्रश्नच नाहीये. जे एक, क्षेत्र शून्य, १०,००० स्वीप सोडल्या, सीमा नाहीत. गरम (स्पिन विस्कळीत) आणि थंड (सगळे एका दिशेला) दोन्ही सुरुवातींतून तेच येतं, म्हणजे समतोलाचाही प्रश्न नाही. जनरेटर मर्सेन ट्विस्टर. कृपया मूळ प्रश्नावर या.

चौकटराजा
जनरेटरच्या चुकीने २.२६९ चे आठ होत नाहीत, तो वाद इथे थांबवू. पण "सीमा नाहीत" म्हणजे काय? चौरस जाळीला एकतर कडा असतात, नाहीतर कडा जोडून घेतलेल्या असतात. शेजारी ठरवता कसे?

वाळूचा_ढीग
थोडं अवांतर, पण गुंतागुंतीच्या प्रणालींचा विषय निघालाच आहे तर तापमान जुळवत बसण्यापेक्षा स्वयंसंघटित क्रांतिकता बघा. बाक, टँग आणि वीसनफेल्ड यांचं वाळूच्या ढिगाचं मॉडेल १९८७ चं. तिथे बाहेरून काहीच जुळवावं लागत नाही, प्रणाली आपणहून क्रांतिक अवस्थेला येते. त्यातली आबेली रचना (क्रम बदलला तरी निकाल तोच) दीपक धर यांनी १९९० मध्ये उलगडली, आणि किती स्वच्छ बीजगणित आहे ते! २०२२ चं बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत मिळालं. मतं अचानक बदलण्याच्या लाटा हिमस्खलनासारख्याच असतात असं मला मनापासून वाटतं.

मुक्ता_के
धर यांचं काम माहीत आहे, पण मला आयसिंगच करायचंय. @चौकटराजा, शेजारी बाराबाशी-आल्बर्ट जाळ्यातून येतात, म्हणजे एकेक नोड (बिंदू) जोडत वाढणारं जाळं, ज्यात जास्त दुवे असलेल्यांना नवे दुवे जास्त मिळतात. प्रत्येक नवा नोड दोन दुवे घेऊन येतो. माणसांची जाळी चौरस नसते, हे उघडच आहे ना?

पदवी_वितरण
मुक्ताताई, उत्तर याच वाक्यात आहे. तुमचा कोड बरोबर आहे, २.२६९ ची अपेक्षा इथे लागू नाही.

जाळ्यावर संक्रमण कुठे होणार हे सरासरी शेजाऱ्यांवर ठरत नाही. शेजारीसंख्येच्या वर्गाची सरासरी भागिले साधी सरासरी, यावर ठरतं. बाराबाशी-आल्बर्टमध्ये शेजारीसंख्येचं वितरण घनाच्या व्यस्तात उतरतं, त्यामुळे वर्गाची सरासरी एनच्या लॉगरिदमसोबत वाढतच जाते. जितकं जाळं मोठं तितके त्यातले हब (खूप शेजारी असलेले नोड) मोठे, आणि हब आपल्या भोवतालच्यांना एका बाजूला धरून ठेवतात. नवा नोड एम दुवे आणत असेल तर मध्यमान-क्षेत्राने (शेजाऱ्यांऐवजी त्यांची सरासरी धरणाऱ्या अंदाजाने) टीसी येतं एम भागिले दोन, गुणिले एनचा नैसर्गिक लॉग. तुमच्यासाठी एम दोन: १००० ला ६.९, १०,००० ला ९.२. हे थोडं जास्त येतं, कारण मध्यमान-क्षेत्र स्थानिक चढउतार धरत नाही. बेथे पद्धतीच्या, म्हणजे त्याहून अचूक अंदाजाच्या, सूत्रात तेच आकडे घाला, ५.८ आणि ८.२ मिळतील. तुम्ही लिहिलंय तेच.

२००२ मध्ये अलेक्सियुक, होलिस्त आणि स्टाउफर यांना संगणकावर हीच लॉगरिदमिक वाढ दिसली. त्याच वर्षी दोरोगोव्त्सेव, गोल्त्सेव आणि मेंदेस यांनी सामान्य सूत्र काढलं. वितरणाचा घातांक तीन किंवा कमी असेल तर अनंत जाळ्याला मर्यादित टीसीच नसतं. तीन ते पाचमध्ये टीसी असतं, पण संक्रमणाचे क्रांतिक घातांक नेहमीचे नसतात. पाचच्या वर साधं मध्यमान-क्षेत्र.

गुच्छप्रेमी
वोल्फ अशा जाळ्यावरही चालतो. मेट्रोपोलिसमध्ये थंड तापमानाला मोठा हब पलटायची शक्यता जवळजवळ शून्य असते.

पदवी_वितरण
मान्य. पण गरम-थंड सुरुवाती जुळल्यात, आज त्याची गरज नाही.

मुक्ता_के
मग गाइडना काय दाखवू? संक्रमण आहे की नाही? मला एक आकडा हवाय.

पदवी_वितरण
एक आकडा मिळणार नाही, आणि तोच निष्कर्ष आहे. आडव्या अक्षावर लॉग एन, उभ्यावर ससेप्टिबिलिटीच्या (चुंबकनाच्या चढउतारांच्या मापाच्या) शिखराचं तापमान, सरळ रेषा येते का बघा. चुंबकनाचं निरपेक्ष मूल्य घ्या, नाहीतर छोट्या एनला चिन्ह पलटत राहून सरासरी शून्याकडे जाईल. आणि एकाच जाळ्यावर थांबू नका, जनरेटरचं बीज (सुरुवातीचा आकडा) बदलून अनेक जाळी बनवा. सर्वात मोठा हब प्रत्येक वेळी वेगळा पडतो आणि शिखर त्याच्यासोबत हलतं.

चौकटराजा
एक भर. लोकांची जाळी म्हणून हे वापरणार असाल तर खऱ्या माणसाच्या ओळखींना मर्यादा असते, हब अमर्याद वाढत नाहीत. शेजारीसंख्येला कमाल घालून तोच आलेख पुन्हा काढा. मोठ्या एनला रेषा सपाट व्हायला हवी.

मुक्ता_के
कमाल मर्यादा जाळं बनवतानाच घालायची की नंतर जास्तीचे दुवे तोडायचे?

पदवी_वितरण
बनवतानाच. भरलेल्या नोडला नवा दुवा नाकारा. नंतर तोडलेत तर जाळ्याचे तुकडे पडतील आणि सुटे पडलेले नोड चुंबकन उगाच खाली ओढतील.